पोळ्याचा सण आणि वर्षाचे बाकीचे दिवस

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडातील शेतकरी आपल्या बैलांच्या खांद्यांना हळद व लोणी चोळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्यांना रीतसर आवतण देतो. दुसऱ्या दिवशी बैल धुतले जातात, शिंगे रंगवली जातात, अंगावर झूल चढते, तोरणाखाली पोळा भरतो व घरी आल्यावर गृहिणी बैलांचे पाय धुऊन त्यांना पुरणपोळी भरवते. ज्या जनावराच्या बळावर धान्य पिकले त्याला पाहुण्याचा मान देणारा हा सण कोणाही माणसाला अभिमान वाटावा असाच आहे.

परंतु त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या उकिरड्याकडे पाहावे. सणाच्या जेवणाच्या पत्रावळी, उष्टे अन्न, मिठाईचे पुडे, झुलीवरून गळालेल्या चमकीच्या पट्ट्या व गाठ मारलेल्या पातळ पिशव्या तेथे एकत्र पडलेल्या असतात. आणि काल जिची पूजा झाली तीच गुरे त्या ढिगात तोंड घालून उभी असतात. अन्नाचा वास पिशवीच्या आत असतो आणि गाठ सोडण्यास गाईला हात नाहीत. ती पिशवीसकट अन्न खाते.

शेतकऱ्याच्या मनात दया नाही असे कोणी म्हणणार नाही. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. दयेचे आपण सण केले, परंतु घरातील रोजच्या कामांत तिला जागा ठेवली नाही. गोठ्यात काय टाकले जाते, उकिरड्यावर काय जाते, दुपारी किती वाजता बैल सोडले जातात, विहिरीला कठडा आहे की नाही, या बाबी लहान आहेत म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. जनावरांचे बरेचसे हाल मात्र याच लहान बाबींतून होत असतात.

पिशवीचीच गोष्ट आधी पाहू. गाय चारा ओठांनी निवडून खात नाही. ती जिभेचा विळखा घालून चारा ओढते, जुजबी चावते व गिळते. सावकाश चावणे पुढे रवंथाच्या वेळी होते. तिच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेली नको ती वस्तू तिला सहजासहजी बाहेर टाकता येत नाही. ही पिशवी पहिल्या मोठ्या पोटात, म्हणजे ज्याला पशुवैद्यक रुमेन म्हणतात त्यात, जाऊन पडते. तेथील सूक्ष्म जीव कडब्याचे काड मऊ करून पचवतात. परंतु प्लॅस्टिकपुढे त्यांचे काही चालत नाही. ते कुजत नाही, झिजत नाही व पुढेही सरकत नाही. आज एक, उद्या दोन अशा पिशव्या, दोऱ्या व चिंध्या एकमेकींत गुंतून त्यांचा घट्ट गोळा बनतो आणि पोटातील चाऱ्याची जागा व्यापतो. मग गाय खाणे कमी करते, रवंथ मंदावते, पोट वारंवार फुगते, दूध आटते. मालक म्हणतो, गाय लागेनाशी झाली, हाडे वर आली. कधी औषध दिले जाते, कधी दृष्ट काढली जाते. खरा उपाय एकच, पोट चिरून तो गोळा काढणे. आणि तोही वेळेवर झाला तरच.

आंध्र प्रदेशातील ‘करुणा सोसायटी’ या संस्थेने अशा शस्त्रक्रियांतून निघालेले प्लॅस्टिक पाहून २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी पिशव्यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली व त्या वर्षीच्या २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदा झाला, पण आठवडी बाजारात पिशवी अजून मिळते, कारण ती मागणारा गिऱ्हाईक अजून आहे. पूर्वी बाजाराला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर कापडी थैली असे व ती विसरली तर उपरण्याच्या पदरात वांगी बांधून आणण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. खामगावसारख्या कापसाच्या जुन्या बाजारपेठेच्या जिल्ह्यात घरोघर थैली नसावी, ही तर नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

तथापि सगळा दोष बाजारावर टाकणे बरोबर होणार नाही. शेतातूनही कचरा निघतो आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. बियाण्याची पाकिटे, खताच्या गोण्यांचे सुटलेले धागे, ठिबकच्या तुटलेल्या नळ्या, भाजीपाल्याच्या वाफ्यावर अंथरलेला मल्चिंगचा कागद हे सर्व पीक निघाल्यावर शेतातच राहते व मोकळ्या रानात चरणाऱ्या गुरांच्या तोंडी लागते. मल्चिंगचा पातळ कागद उन्हाने फाटून मातीत मिसळला म्हणजे वेचता येत नाही. म्हणून तो अखंड असतानाच गुंडाळून काढावा लागतो. कीटकनाशकाच्या डब्याबाबत तर सांगणे न लगे असे वाटावे. पण रिकामा डबा धुऊन गोठ्यात पाणी पाजण्यास वापरणारी घरे आजही आहेत. तो डबा कितीही धुतला तरी पाणी पाजण्याच्या कामाचा नसतो.

तारेचे व खिळ्यांचे भय निराळे. गिळलेला खिळा जाळीदार पोटात जाऊन बसतो. त्या पोटाच्या आणि हृदयाच्या मध्ये एक पातळ पडदा काय तो असतो. गाय गाभण झाली, पोटावर दाब वाढला किंवा ती व्याली, की खिळा पडद्यातून पुढे सरकून हृदयापर्यंत पोहोचतो. अशी गाय उतारावरून चालण्यास नाखूश असते, पुढचे कोपर बाहेर काढून उभी राहते, आणि पुढे तिच्या गळ्याखालच्या पोळीला सूज येते. हे चिन्ह दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ज्या घरी बांधकाम चालू आहे किंवा कुंपणाची तार तोडली जात आहे, तेथे संध्याकाळी तारेचे तुकडे वेचण्यास घरातील एका मुलाला लावणे हा सर्वांत स्वस्त उपचार होय.

उकिरडा सुधारण्याचा मार्ग तर वऱ्हाडातच सापडलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेप काका म्हणत, यांनी विटांचे जाळीदार टाके बांधून थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवण्याची रीत दाखवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा टाक्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर देऊन ते लिंपून टाकले, की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. खताचा फायदा शेतकऱ्याला ठाऊकच आहे. पण दुसरा फायदा असा की, ज्या घरी नाडेपचे टाके आहे त्या घरी पिशवी व शेण यांची आपोआप फारकत होते. कारण पिशवी गेली तर आपलेच खत बिघडणार, हे घरातील प्रत्येकाला दिसते. उघड्या उकिरड्याला असा कोणी राखणदार नसतो.

आता बैलाच्या खांद्याकडे वळू. खांदेमळणीच्या वेळी त्या खांद्यावर हात फिरवणाऱ्याला वर्षाचा सगळा हिशेब हाताला लागतो. जेथे केस झडून कातडी राठ झाली आहे, गाठ आली आहे किंवा जखम भरून पुन्हा फुटली आहे, तेथे जू वर्षभर चुकीचे बसत होते असे समजावे. खांदा येण्याची कारणे साधी असतात. जुवाच्या लाकडाला खडबडीत गाठी असणे, जोडीतील एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असणे, बंडीचे ओझे पुढे फार भरल्यामुळे सगळा भार मानेवर येणे, आणि पावसात भिजलेल्या खांद्यावर जू घासणे. यातील एकही कारण पैशाने दूर करावे लागत नाही. जू रंध्याने गुळगुळीत करणे, ओझे चाकांच्या आसावर येईल असे भरणे आणि खांदा आलेल्या बैलाला जखम भरेपर्यंत न जुंपणे एवढे पुरे आहे. शेवटची गोष्ट बोलणे सोपे व करणे अवघड, हे खरेच. डवरणीचे दिवस असतात, वाफसा दोनच दिवस टिकणार असतो आणि दुसरी जोडी घरात नसते. अशा वेळी शेजाऱ्याशी सावड करणे ही जुनी रीत उपयोगी पडते. पण सावड करण्यास शेजाऱ्याच्या घरीही बैल हवेत, आणि ते आता सर्वत्र राहिलेले नाहीत.

भारतात जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा सध्याचा कायदा १९६० सालचा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची सुरुवात झाली व पुढे शासनाने स्वतःचा कायदा केला. त्याखाली १९६५ साली ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसात एकंदर नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक जुंपू नये आणि जेथे उष्णता ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर कामास लावू नये, असे ते नियम सांगतात. टोकदार काठीलाही त्यांत मनाई आहे. मूळ कायद्यात पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये ठेवला होता. एवढ्या पैशात आज चांगले दावेही मिळत नाही. तेव्हा दंडाच्या भीतीने कोणी सुधारेल ही आशा व्यर्थ आहे. मात्र नियमांतील तीन आकडे शेतकऱ्याने लक्षात ठेवावेत असे आहेत, कारण ते बैलाच्या शरीराला धरून आहेत.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचे व घाटाखालचे असे दोन प्रदेश आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर हा भाग उंचावर असल्यामुळे तेथील उन्हाळा थोडा तरी सोसवतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर या पूर्णेच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. नांगरणी व वखरणी नेमकी त्याच महिन्यांत असते. पहाटे जुंपावे, ऊन चढताच सोडावे व पुन्हा ऊन कलल्यावर जुंपावे, ही जुन्या माणसांची रीत नियमाच्या पुष्कळ आधीची आहे. ती मोडली ती भाड्याच्या जोडीने. जेथे बैलजोडी तासावर किंवा एकरावर भाड्याने दिली जाते तेथे भाडे घेणारा ऊन पाहत नाही. त्याच्याशी व्यवहार ठरवतानाच दुपारची सुट्टी ठरवून घ्यावी. काम करणाऱ्या बैलाला उन्हाळ्यात दिवसाला पन्नास लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागू शकते. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच मचूळ असते. तहानलेले जनावरदेखील ते पोटभर पीत नाही. अशा गावी पावसाळ्यात साठवलेले गोडे पाणी माणसांबरोबर जनावरांसाठीही राखून ठेवावे, आणि बांधावर चार कडुनिंब वाढू द्यावेत. ट्रॅक्टर वळवण्यास अडचण होते म्हणून धुऱ्यावरची झाडे तोडण्याची घाई ज्यांनी केली, त्यांची गुरेच नव्हे तर मजूरही आज दुपारी बसायला सावली शोधतात.

शिंगांच्या रंगाबाबत थोडेसे. पूर्वी गेरू व हिंगूळ लावीत. आता दरवाजाला लावण्याचा तेलरंग लावला जातो. शिंगे फार खोलवर तासणे, त्यांवर तिखट रंग चढवणे व दोर आवळून शिंगाचे मूळ सतत घासणे यांचा बैलांच्या शिंगाच्या कर्करोगाशी संबंध असावा, असे पशुवैद्यक मानत आले आहेत. गेरूने सणाची शोभा कमी होते असे कोणी म्हणू नये.

चाऱ्याचा प्रश्न अधिक खोल आहे. एके काळी घाटावरच्या प्रत्येक वाड्यामागे ज्वारीच्या कडब्याची गंजी असे. माणसाला भाकरी व बैलाला कडबा एकाच ताटातून मिळत होता. सोयाबीन आले, त्याचा पैसा रोख आला, आणि ज्वारीचे क्षेत्र आटत गेले. यात शेतकऱ्याची चूक म्हणता येणार नाही. त्याने भाव पाहिला. परंतु सोयाबीनच्या कुटाराने कडब्याची जागा भरून निघत नाही. ते जाड, काडीचे असते व जनावर त्यातील बरेच टाकून देते. कडबा विकत घ्यावा लागू लागला, बैल महाग पडू लागले, आणि ट्रॅक्टरचे भाडे स्वस्त वाटू लागले. २०१९ सालच्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नर जनावरांची संख्या २०१२ च्या तुलनेने सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली आढळली. बुलढाण्यातील ज्यांचे गोठे रिकामे झाले त्यांना या आकड्याचे नवल वाटणार नाही.

मग उरलेल्या जनावरांनी काय खावे? पावसाळी पिकात चार तास ज्वारीचे पेरावेत, हा सल्ला जुना असला तरी टाकाऊ नाही. कडब्याची कुटी केल्याने नासाडी पुष्कळ कमी होते. गव्हाचा भुसा रब्बीत घरोघर निघतो. शंभर किलो भुशाला चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, दाबून हवाबंद झाकावा व एकवीस दिवसांनी उघडावा, म्हणजे तो मऊ होतो व त्यातील प्रथिनांचा अंश वाढतो. खाऊ घालण्यापूर्वी थोडा वेळ पसरून त्यातील उग्र वास जाऊ द्यावा, आणि सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये. प्रमाणात चूक झाल्यास युरियाची विषबाधा होते. म्हणून पहिल्या खेपेस बुलढाणा किंवा जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रात अथवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून करणे शहाणपणाचे. कुटार व पऱ्हाटी शेतात पेटवून देण्याचा जो परिपाठ पडत आहे तो मात्र कोणत्याही हिशेबाने समर्थनीय ठरत नाही. त्यात चाराही जातो आणि खतही जाते.

यातच म्हाताऱ्या बैलाचा अवघड प्रश्न येतो व तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१५ सालापासून महाराष्ट्रात गाईंप्रमाणे बैल व वळू यांच्याही कत्तलीस कायद्याने बंदी आहे. कायद्याच्या हेतूविषयी लोकांची मते काहीही असोत, काम न करणारा बैल पोसण्याचा भार प्रत्यक्षात दोन-चार एकरांच्या धन्यावर येतो, ही वस्तुस्थिती होय. काही जण तो भार उचलतात. काही जण रात्री दावे सोडून बैलाला दुसऱ्या गावच्या शिवारात हाकलून देतात, आणि मग तो कोणाच्या तरी तुरीत शिरतो, मार खातो, किंवा महामार्गावर वाहनाखाली येतो. ज्याला वर्षानुवर्षे आवतण दिले त्याचा असा शेवट व्हावा, याची लाज एकट्या धन्याला वाटून भागणार नाही. गावाची ई-क्लास जमीन मूळची गुरांच्या चरण्यासाठीच राखलेली आहे. तिच्यावरील अतिक्रमणे निघाली व तेथे गवत राखले गेले, तर म्हाताऱ्या जनावरांचा निम्मा खर्च गाव उचलू शकेल. ग्रामसभेत रस्त्यावर व दिव्यावर तासभर बोलले जाते. गायरानाचा विषय मात्र शेवटी येतो आणि बहुतेक वेळा सभा त्यापूर्वीच उठते.

म्हाताऱ्या किंवा लंगड्या बैलाला वेदना कमी करण्याची सुई देण्यात येते. ही सुई दयेपोटी दिली जाते. तरीही तिने आकाशातील एक मोठा पक्षी जवळजवळ नाहीसा केला. डायक्लोफेनॅक हे औषध टोचलेले जनावर लवकरच मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती काही दिवसांत मरतात, असे पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ साली सिद्ध झाले. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादेच उरले. पूर्वी गावाबाहेर ढोर टाकले की तासाभरात त्याची हाडे उरत. गिधाडे गेल्यावर तीच ढोरे कुजत पडू लागली, पाण्यात दूषण गेले व मोकाट कुत्री वाढली. २००० ते २००५ या वर्षांत गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने काढला आहे. एका सुईचा पल्ला किती लांब जातो, हे यावरून दिसते.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ सालीच बंद झाले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात म्हणून २०१५ साली त्याही बंद करून एका वेळेपुरती लहान कुपीच ठेवण्यात आली. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक २०२३ साली, आणि निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस जनावरांकरिता बंद झाले. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध मिळते व वेदनेवर चांगले काम करते. तेव्हा शेतकऱ्याने एवढेच करावे की, सुई कोणती याची डॉक्टरांकडे चौकशी करावी व मेलॉक्सिकॅम मागावे. औषधाच्या दुकानातून माणसांची कुपी आणून स्वतः टोचू नये. पेंच व ताडोबा येथे २०२४ साली हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे आणण्यात आली. पक्षी पिंजऱ्यात वाढवता येतात. पण त्यांनी सुखरूप खावे असे ढोर गावातूनच मिळावे लागते.

रोगांच्या बाबतीत लंपीने २०२२ साली जो धडा दिला तो वऱ्हाडात अजून ताजा आहे. त्या वर्षी राज्यभर शेळ्यांच्या देवीची लस गुरांना देण्यात आली. लस घेणे वर्षोवर्ष चालू ठेवावे, आणि रोग पसरवणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांना गोठ्याजवळ साचलेल्या पाण्यात व ओल्या शेणात घर मिळू नये, हे घरच्या माणसांचे काम आहे.

शेवटी रानातील जनावरांविषयी. बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान १९९७ साली झालेले ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे दोनशे पाच चौरस किलोमीटरचे आहे. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणाचा काही भाग व मराठवाड्यातील शिवारे ओलांडत त्या वर्षीच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओपट्टा असल्यामुळे तो तेराशे किलोमीटरहून अधिक चालल्याचे कळले. ही वाट बहुतांशी शेतांतून, नाल्यांतून व रस्त्यांवरून जाते. तो रात्री चाले व दिवसा दडून राही. वाटेत त्याने रानडुकरे खाल्ली, काही गुरेही मारली. माणसांशी त्याचे मोठे वैर कोठेही झाले नाही. त्या एका वाघावरून जिल्ह्याला हे समजले पाहिजे की, अभयारण्याची हद्द कागदावर असते आणि जनावर शेतातूनच जाते.

रोही व रानडुकरे पिकाची जी नासाडी करतात ती खोटी नाही. रात्रभर मचाणावर जागणाऱ्या माणसाला दयेचा उपदेश करणे शोभत नाही. परंतु कुंपणात थेट खांबावरची वीज सोडणे हा अपराध आहे आणि त्यात पुष्कळदा मरतो तो शेजारचा गडी किंवा घरचाच बैल. सौरऊर्जेवरील झटका-कुंपणाने जनावर भिते, मरत नाही. वन विभागाच्या योजनेतून त्यास अनुदान मिळते, आणि नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्कही शेतकऱ्याला आहे. पंचनाम्यास उशीर होतो ही तक्रार मात्र रास्त आहे व ती दूर करणे शासनाच्या यंत्रणेचेच काम होय.

कठडा नसलेल्या विहिरी हा जुना धोका. त्यात गेल्या काही वर्षांत शेततळ्यांची भर पडली आहे. घाटाखाली व घाटावर २०१६ नंतर योजनांतून अनेक शेततळी झाली व पाणी मुरू नये म्हणून त्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरला गेला. ओलितासाठी ती उपयोगाचीच आहेत. पण कागदाचा उतार निसरडा असतो. पाण्यासाठी उतरलेले रोहीचे पिल्लू, शेळी, कुत्रे किंवा घरचे वासरू त्यावर पाय रोवू शकत नाही. ते पोहत राहते, थकते व बुडते. खेळायला गेलेली मुलेही अशीच बुडाली आहेत. तळ्याभोवती जाळीचे कुंपण असणे सर्वांत चांगले. ते होईपर्यंत चारही बाजूंनी हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडावेत, आणि एका बाजूला जुन्या टायरांची दोराने ओवलेली माळ उतारावर पसरून वरच्या खुंटीला बांधावी, म्हणजे जनावराचे खूर टायरांत अडकून त्याला वर चढता येते. बांधणीत तार वापरू नये, तिने कागद फाटतो. दोर उन्हाने कुजतो. म्हणून तो दर वर्षी खांदेमळणीच्या सुमारास ओढून पाहावा आणि कच्चा वाटल्यास बदलावा.